अर्ध्यात उठून जाणाऱ्यांसाठी

लहान मुलाला जुलाब लागले तर त्याचं अंगावरचं दूध आणि पाणी तोडू नका. ओआरएसची पुडी पाण्यात कालवून थोडं थोडं पाजत राहा आणि दवाखाना गाठा.

गौरवलेखाची सुरुवात अशी करत नाहीत, हे मलाही कळतं. पण ही अट माझी नाही, सत्कारमूर्तींची आहे. शैलजाताई मगदूम यांच्या पंचाहत्तरीनिमित्त ग्रंथ काढायचं ठरल्यावर आम्ही चार-पाच जण कसबा बावड्यातल्या त्यांच्या घरी गेलो. वाटलं होतं, ताई नको नको म्हणतील, आम्ही आग्रह करू आणि मग त्या संकोचानं हो म्हणतील. ताई चटकन हो म्हणाल्या आणि वर सांगितलं, की माझ्यावरच्या प्रत्येक लेखाची पहिली ओळ घरात लेकरू असलेल्या माणसाच्या कामी आली पाहिजे. का म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "गौरवग्रंथ पुरा कोण वाचतं? भेट मिळाला की पहिलं पान उघडायचं, फोटो बघायचे आणि कपाटात ठेवून द्यायचा. तेवढ्यात जे नजरेला पडेल ते तरी उपयोगाचं असू दे." ज्यांचा गौरव करायचा त्यांनीच असा सुरुंग लावल्यावर आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलो. त्यांच्याबरोबर रेडिओवर इतकी वर्षं काढल्यावर मला तरी अशा धक्क्यांची सवय व्हायला हवी होती, पण ती अजून झालेली नाही.

पहिला धक्का पहिल्याच भेटीत बसला. आमचं केंद्र म्हणजे एक लहानसा सामुदायिक रेडिओ. कोल्हापूर शहर आणि भोवतालची गावं एवढाच त्याचा आवाका. मी तेव्हा नोकरी सांभाळून नाटकांत कामं करायचो, आणि रेडिओवरच्या शेतीच्या कार्यक्रमात 'सगळं ठाऊक असलेले तात्या' नावाचं पात्र रंगवायचो. तात्यांना जगातलं सगळं माहीत. खतापासून लग्नाच्या मुहूर्तापर्यंत कशावरही ते छातीठोक बोलायचे. तात्या इतके लोकप्रिय झाले, की मंडईत भाजीवाल्या मला त्याच नावानं हाक मारू लागल्या आणि माझं खरं नाव मागं पडलं. ताई मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवून नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. आईबापांसाठी एक कार्यक्रम करायचा आहे, त्यासाठी तात्यांचा आवाज हवा, असं म्हणत त्या केंद्रात आल्या. नमस्कार-चमत्कार झाले आणि त्यांनी विचारलं, तुमच्या घरात मुलाला पडसं झालं तर काय करता?

मी खुलून सांगितलं, की आमच्याकडे ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून छाती शेकतात, तीन-चार दिवसांत पडसं गायब. पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे.

"आणि शेकलंच नाही तर?" ताईंनी विचारलं.

मी म्हणालो, "तर काय, तीन-चार दिवसांनी जाईलच की."

माझं वाक्य माझ्याच कानावर पडलं. ताई हसल्या नाहीत. शेकायला हरकत नाही, पोराला जरा बरं वाटतं, भाजणार नाही एवढं बघा, असं त्या म्हणाल्या आणि चहा मागवला. मला मात्र तो चहा गोड लागला नाही. पन्नाशीला आलेला माणूस मी, आणि जन्मभर ज्याची फुशारकी मारली ते एका साध्या प्रश्नानं आडवं पडलं होतं.

कार्यक्रमाचं नाव त्यांनी ठेवलं 'कशावरनं?'. केंद्राच्या मंडळींना 'कशावरून' असं शुद्ध नाव हवं होतं. ताई म्हणाल्या, आपल्याकडे शेजारीण शेजारणीला कशावरनं असंच विचारते, तेव्हा तेच राहू दे. मुलांच्या उपचारांबद्दल जे जे कानावर येतं, मग ते आजीनं सांगितलेलं असो, जाहिरातीतलं असो की मोबाइलवर फिरणारं, ते घ्यायचं आणि प्रश्न विचारायचे. पोरगं बरं झालं, पण ते ह्याच औषधानं झालं कशावरनं? काहीच केलं नसतं तर काय झालं असतं? गुण आलेल्यांची नावं सांगता, मग गुण न आलेली पोरं कुठं आहेत? सांगणाऱ्याचा त्यात काय फायदा? हे खरं, ते खोटं, असा निकाल त्या सहसा द्यायच्या नाहीत. आईबापांनी स्वतः पारख करावी, एवढाच त्यांचा हट्ट. उद्या नवीन औषध निघालं तर मी कुठं पुरी पडणार, असं त्या म्हणत. प्रश्न मात्र एकदा अंगवळणी पडले की जन्मभर पुरतात.

कावीळ उतरवणाऱ्या एका गृहस्थांकडे आम्ही गेलो होतो, तो दिवस मी मरेपर्यंत विसरणार नाही. त्यांच्या दारात लेकरं घेऊन आलेल्या बायकांची रांग लागलेली. ते पोराच्या हाताला कसल्याशा सालीचा रस चोळायचे, चुन्याच्या निवळीत हात धुवायचे, आणि पाणी पिवळंधमक व्हायचं. उतरली कावीळ! आया हात जोडायच्या. ताईंनी रांग संपेपर्यंत दम धरला आणि मग मला पुढं ढकललं. तोच रस चोळून माझे हात धुतले, तर पाणी पिवळं! कावीळ अंगात मुरलीय आणि आपल्याला पत्ता नाही, ह्या कल्पनेनं मी घामाघूम झालो. ताईंनी शांतपणे पदर खोचला आणि स्वतःचे हात पुढं केले. तेही पाणी पिवळं. मग ताई त्या गृहस्थांना म्हणाल्या, "पावणं, आता तुमचे हात धुऊन बघूया का?"

त्यांनी धुतले. पाणी बघून ते ओट्यावर बसलेच. माणूस लबाड नव्हता. वडिलांनी शिकवलेली विद्या म्हणून श्रद्धेनं करत होता, आणि धडधाकट माणसाचे हात धुऊन बघावेत असं त्याला किंवा त्याच्या वडिलांना कधी सुचलंच नव्हतं. कार्यक्रमात त्यांची रेवडी उडवावी असं मला फार वाटत होतं. असला मासा गळाला लागल्यावर कोण सोडतं? ताईंनी नाव घेऊ दिलं नाही, गावही सांगू दिलं नाही. हातांची गोष्ट फक्त सांगितली आणि घरी करून बघा म्हणाल्या. मी मात्र दुसऱ्या दिवशी गुपचूप रक्त तपासून आलो, आणि निकाल चांगला आल्यावरच जेवलो.

हीच कसोटी त्यांनी डॉक्टरांनाही लावली. एक नावाजलेले बालरोगतज्ज्ञ आमच्याकडे आले होते. बोलता बोलता ते म्हणाले, की अमुक टॉनिक प्रत्येक मुलाला द्यायलाच हवं. ताईंनी थेट प्रसारणात, अगदी गोड आवाजात विचारलं, "कशावरनं, डॉक्टर?" त्यांच्यापुढं आम्ही सगळे अदबीनं बसलेले, आणि ह्या बाई असं विचारतायत! डॉक्टर क्षणभर तांबडे झाले. मग खरं तेच बोलले, की प्रत्येकाला लागतंच असं नाही, आईबाप मागतात म्हणून लिहून देतो. त्यानंतर ते दर महिन्याला आपणहून यायला लागले. आडनाव आणि पदवी बघून प्रश्न बोथट करायचा नाही, हे मी ताईंकडून बघून शिकलो.

आता ज्या प्रसंगानं हा लेख लिहायला भाग पाडलं, त्याकडे येतो.

तेव्हा कार्यक्रमाची पद्धत अशी होती, की आधी तात्यांनी एखादी गोष्ट ठासून सांगायची, मग एक गाणं, आणि गाण्यानंतर ताईंनी प्रश्न विचारून तात्यांची फे फे उडवायची. लोकांना मजा यायची. त्या संध्याकाळी विषय होता लहान मुलांचे जुलाब. माझ्या तात्यांनी खणखणीत आवाजात सांगितलं, की जुलाब लागले तर दूध आणि पाणी तोडायचं, पोट रिकामं झालं की आपोआप बसतं. मग गाणं लागलं. गाण्यानंतर ताईंनी तात्यांना उभं-आडवं घेतलं आणि त्या दिवशी पाहुणे म्हणून आलेल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की असं केलं तर लेकराच्या अंगातलं पाणी संपतं आणि जीवही जाऊ शकतो. कार्यक्रम रंगला. आम्ही खुशीत घरी गेलो.

आमच्यातल्या एकाच्याही ध्यानात एक गोष्ट आली नव्हती. ज्या वेळेला आमचा कार्यक्रम लागायचा, त्याच वेळेला गावोगावच्या दूध संस्थांत संध्याकाळचं दूध घेतात. रेडिओ तिथल्या भिंतीवर लावलेला. माणसं किटल्या घेऊन रांगेत उभी राहतात, नंबर लागेपर्यंत ऐकतात, दूध घातलं की चालू लागतात. कळंब्याच्या पलीकडच्या एका गावात बाजीराव नावाचा तरुण शेतकरी असाच रांगेत होता. घरी त्याची दहा महिन्यांची मुलगी सकाळपासून जुलाबानं हैराण. तात्यांचं बोलणं त्यानं पुरं ऐकलं, गाणं लागलं तेव्हा त्याचा नंबर आला, आणि रिकामी किटली घेऊन तो घरी गेला. जाऊन सांगितलं, पोरीचं दूध-पाणी बंद करा, रेडिओवर सांगितलंय.

दोन दिवसांनी सरकारी दवाखान्यातून आमच्या कार्यक्रमात येणाऱ्या डॉक्टरांचा ताईंना फोन आला. एक मूल दाखल झालंय, नुसतं वाळून गेलंय, आणि आईबाप तुमच्या कार्यक्रमाचं नाव घेतायत. ताईंनी मला रिक्षात घातलं.

पोरगी खाटेवर पडलेली. डोळे खोल गेलेले, रडायला गेली तर आवाज नाही, डोळ्यांत पाणी नाही. पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहत होती. मी नर्सला विचारलं, सलाईन कधीपासून चालू आहे. एवढंच विचारलं. कोपऱ्यात उकिडवा बसलेला बाजीराव माझा आवाज ऐकून ताडकन उठला. माझ्याकडे बोट करून म्हणाला, "ह्योच. ह्येनंच सांगितलं."

जन्मभर टाळ्या मिळवलेला माझा आवाज, त्याला असं कुणी ओळखेल हे स्वप्नातही नव्हतं. मी काहीतरी बोलायला गेलो, की पुढचं ऐकायला हवं होतं, गाण्यानंतर सगळं सांगितलं होतं. ताईंनी माझ्या दंडाला धरलं आणि मला बाहेर काढलं. मग त्या पुन्हा आत गेल्या. थोड्या वेळानं मुलीची आई, शोभा, आणि ताई अशा दोघी व्हरांड्याच्या टोकाला जाऊन बसल्या. शोभा बोलत होती आणि ताई ऐकत होत्या. बराच वेळ त्या तिथं होत्या. काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही, आणि विचारायचं धाडसही मला झालं नाही.

पोरगी वाचली. तिचं नाव ऋतुजा, आणि आज ती दहावीत आहे. हे इथंच सांगून टाकतो, कारण लेखाचा निम्म्याहून जास्त भाग झाला आणि काही मंडळी आता ग्रंथ मिटायच्या बेतात असतील. त्यांच्यासाठी शुभेच्छाही इथंच देऊन ठेवतो: शैलजाताईंना भरपूर आयुष्य लाभो, गुडघे धड राहोत, आणि आवाज असाच राहो. बसलेल्यांनी पुढं वाचावं.

पुढच्या भागात ताई सुरुवातीलाच म्हणाल्या, की आम्ही चूक केली आणि त्यापायी एका बाळाचा जीव जाता जाता राहिला. केंद्राची मंडळी आदल्या दिवशी हातापाया पडली होती. असं सांगितलं तर रेडिओवर कोण विश्वास ठेवेल, असं त्यांचं म्हणणं. मीही तावातावानं भांडलो. अर्ध्यात उठून जाणाऱ्यानं आपली चूक दुसऱ्यावर ढकलायची, हा कुठला न्याय? जेवणाच्या पंगतीतून मीठ वाढल्यावर उठलं आणि घरी जाऊन म्हटलं की नुसतं मीठच वाढलं, तर यजमानाचा दोष का?

ताई म्हणाल्या, "रेडिओ ऐकणारा माणूस कामात असतो. त्याला दूध घालायचं असतं, भाकरी थापायची असते. तो अर्ध्यात उठणारच. मी आयुष्यभर वर्गात शिकवलं, तिथं घंटा होईपर्यंत कुणी हलत नाही. तीच सवय मी इथं आणली. ही माझी चूक आहे, त्या बापाची नाही."

एवढ्यावर थांबल्या असत्या तर त्या ताई कसल्या? पुढं म्हणाल्या, की हा कार्यक्रम चालू ठेवायचा की बंद करायचा, हे शोभा ठरवेल. मला वाटलं, धक्क्यानं बाईंचं डोकं फिरलंय. गावोगावचे लोक कान लावून ऐकतात तो कार्यक्रम, आणि त्याची दोरी कुणाच्या हातात, तर आठवी शिकलेल्या, आमच्यावर खार खाऊन असलेल्या एका परक्या बाईच्या! मी त्यांच्याबरोबर त्या गावी गेलो तो मनातून कार्यक्रमाला मूठमाती देऊनच.

शोभा तेव्हा जोंधळे पाखडत होती. ताईंचं सगळं ऐकून घेतलं, सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, "बंद कशापायी करताय? फुडचं आधी मला ऐकवा. मला कळलं तर लावा."

तेव्हापासून आजतागायत ही आमची रीत आहे. नवीन भाग तयार झाला की तो घेऊन शोभाकडे जायचं. ती धार काढत असो, भांडी घासत असो, तिनं काम थांबवायचं नाही. ध्वनिमुद्रण कुठूनही सुरू करायचं, कुठंही तोडायचं आणि विचारायचं, की आत्ता उठून गेलीस तर घरी जाऊन काय करशील? तिच्या उत्तरानं लेकराचं काही वाईट होणार असेल तर तो भाग लागत नाही. आमचे कितीतरी भाग तिनं गोठ्यातच गाडले. ताई कधीच वाद घालायच्या नाहीत. मुकाट्यानं परत यायच्या आणि पुन्हा लिहायला बसायच्या.

तिनं पहिला बळी घेतला तो माझ्या तात्यांचा. "तात्याला गप करा," ती म्हणाली. "त्यो चुकीचं बोलतोय हे कळंस्तवर बरोबरच वाटतंय की." माझा संताप संताप झाला. ज्या पात्रानं मला नाव दिलं, ते एका वाक्यात खलास! मी रुसून बसलो, केंद्रावर जाणं सोडलं. ताई घरी आल्या, माझ्या बायकोशी गप्पा मारल्या, जेवल्या, आणि जाताना मला म्हणाल्या, की तात्यांनी आता सांगायचं सोडून विचारायला लागावं. तेच मग झालं. गेली कित्येक वर्षं 'कशावरनं?' हा प्रश्न रेडिओवर तात्यांच्या आवाजात येतो, आणि आधी खरं, मग चुकीचं काय बोललं जातं ते, आणि शेवटी पुन्हा खरं, असा आमचा क्रम आहे. मंडईतल्या भाजीवाल्या आता मला विचारतात, तात्या, ही गड्डी ताजी कशावरनं?

ताई स्वतः कधी फसल्या नाहीत असं कुणाला वाटत असेल तर तेही सांगतो. गुडघे दुखायला लागल्यावर त्यांनी चुंबकाची गादी घेतली. खरोखर घेतली! एका हॉलमध्ये फुकट चहा-बिस्किटं देऊन कुणीतरी गोड बोललं, शेजारच्या चार बायकांनी गुण आल्याचं सांगितलं, आणि ह्या घेऊन आल्या. मला कळलं तेव्हा मी हसू की रडू अशा अवस्थेत. दाबून टाकूया म्हटलं, तर त्या म्हणाल्या, हीच तर आयती गोष्ट मिळाली. मग रेडिओवर सविस्तर सांगितलं, की दुखत असलं की माणसाचा प्रश्न विचारायचा दम कसा कमी होतो, आणि आजारी लेकराच्या आईचं काय होत असेल ते मला आता कळलं. त्या भागानंतर आम्हाला जेवढे फोन आले, तेवढे आधी कधीच आले नव्हते.

माझ्या घरावर त्यांचे उपकार आहेत. माझा नातू उशिरापर्यंत बोलत नव्हता. एका जाहिरातीत हमखास गुण असं वाचून मी त्याला परगावी न्यायला निघालो. 'कशावरनं?'वर काम करणारा मी, पण नातवापुढं सगळं विसरलो. ताईंनी मला अडवलं नाही, त्या बरोबर आल्या. तिथल्या माणसाला त्यांनी अतिशय नम्रपणे दोन-तीन प्रश्न विचारले आणि त्याचा आवाज चढत गेला, तसा माझा धीर सुटत गेला. परतीच्या वाटेवर मी एसटीत रडलो. ताईंनी मला काही शिकवलं नाही. नातवाला मांडीवर घेऊन त्या खिडकीतून दिसणाऱ्या प्रत्येक गोष्टीचं नाव सांगत बसल्या. पुढच्याच आठवड्यात त्यांनी आम्हाला वाचा-उपचार करणाऱ्या एका बाईंकडे नेलं, आणि सुरुवातीचे कित्येक महिने त्या सोबत येत राहिल्या.

हा लेख इथं संपायचा होता. पण आमच्या रीतीप्रमाणे तो आधी शोभाला ऐकवायला हवा होता. गेल्या आठवड्यात गेलो. ती ओसरीवर शेंगा फोडत होती. मी दवाखान्याच्या प्रसंगापर्यंत वाचलं, थांबलो आणि विचारलं, आता उठून गेलीस तर काय कळलं?

शोभानं हातातली शेंग फोडली. मग म्हणाली, "आमच्या ह्यांनी अर्धं ऐकलं, त्ये खरं हाय. पर मी पुरं ऐकलंतं."

मला आधी अर्थच लागला नाही. मग तिनं सांगितलं. त्या संध्याकाळी घरातही रेडिओ लावलेला होता. चुलीपुढं भाकरी करता करता तिनं तात्याही ऐकले, गाणंही ऐकलं आणि गाण्यानंतरच्या ताई आणि डॉक्टरही ऐकले. बाजीराव येऊन दूध तोडा म्हणाला तेव्हा तिनं सांगितलं, की नाही, रेडिओवर पाजा म्हटलंय. तो म्हणाला, मी संस्थेत चार माणसांत ऐकून आलोय. सासूबाई म्हणाल्या, चुलीफुडं बसून तुला काय कळतंय. तिनं पुन्हा सांगितलं. मग पोरीला तिच्या मांडीवरून उचलून सासूबाईंनी आपल्याकडे घेतलं. त्यापुढं ती बोलली नाही.

"दवाखान्यात ताईंस्नी ह्येच सांगिटलं मी," शोभा म्हणाली. "आणि शपथ घातली, की कुणाला सांगू नगासा. ह्यांची गावात लाज जाईल."

म्हणजे पहिल्याच दिवसापासून ताईंना माहीत होतं! कार्यक्रम त्या घरात पुरता पोचला होता, नीट पोचला होता. केंद्राच्या मंडळींपुढं, माझ्यापुढं, सगळ्या श्रोत्यांपुढं मान वर करायला हे एक वाक्य पुरे होतं, आणि त्यांनी इतक्या वर्षांत ते एकदाही उच्चारलं नाही. मी भांडलो, बोल लावले, रुसलो, तरी नाही. तिथंच ओसरीवरून ताईंना फोन लावला आणि चिडून विचारलं, की तुम्ही मला तरी का सांगितलं नाही?

पलीकडून ताईंनी शांतपणे विचारलं, शोभानं सांगितलं का? मी हो म्हटल्यावर म्हणाल्या, "बरं झालं. तिचं होतं ते, तिनंच सांगायचं. आपली चूक तर होतीच, तात्या, ती काही कमी होत नाही. पण बरोबर ऐकलेल्या बाईचं घरात कुणी ऐकेना. मग म्हटलं, निदान रेडिओनं तरी तिचं ऐकावं."

इतकी वर्षं मी समजत होतो, की ताई प्रायश्चित्त घेतायत. प्रत्येक नवीन भाग घेऊन आमची स्वारी त्या दारात येते, आणि रेडिओ शोभाला विचारून लागतो हे सबंध गाव बघतं, सासूबाईही बघतात. ह्यासाठी हे सगळं होतं, हे माझ्या टाळक्यात आलंच नव्हतं. लाजेनं म्हणा, आनंदानं म्हणा, माझे डोळे भरून आले.

बाजीराव तेवढ्यात किटली घेऊन संस्थेकडे निघाला होता. त्यानं सगळं ऐकलेलं होतं. मी त्याच्याकडे बघितलं तसा तो उंबऱ्याशी थांबला. "लिवा की, तात्या," तो म्हणाला. "पोरीला मी सांगिटलंय समदं." आणि मग शोभाकडे वळून त्यानं विचारलं, आज रेडिओवर काय आहे, अर्धंच ऐकायला मिळालं तर बाकीचं तू सांग.

मी कागद गोळा केले आणि शोभाला म्हटलं, ग्रंथात सगळ्यांनी ताईंना शतायुषी व्हा असं लिहिलंय, तुझ्यातर्फे काय लिहू?

तिनं शेंगांची टरफलं सुपातून खाली झाडली. आतून सासूबाई मोठ्यानं हाका मारून शोभालाच विचारत होत्या, की शेजारणीच्या नातवाला ताप आलाय, त्याला काय द्यायचं?

"ताईंस्नी म्हणावं, एवढ्यात थकायचं न्हाय," शोभा उठता उठता म्हणाली. "सासूबाई आत्ता कुठं माझं ऐकाय लागल्यात."